मापात पुण्य

दान करताना मोजू नये, हे मी कळत्या वयापासून ऐकत आलो आहे. सप्ताहाच्या मांडवात ऐकलं, तेराव्याच्या पंगतीत ऐकलं, घरातल्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडून तर रोजच ऐकलं. बाजारात माप चोख हवं, मापात पाप नको, हे सगळ्यांना मान्य. देवाधर्माच्या ठिकाणी मात्र कुणी माप काढलं की तो कद्रू ठरतो. व्यवहार हिशेबाचा आणि धर्म बेहिशेबी, अशी आपण वाटणी करून टाकली आहे. मला ही वाटणी पटत नाही. न पटण्याचं कारण पोथीत सापडलं नाही. ते गोठ्यात आणि गोठ्यामागच्या बरसीमच्या तुकड्यात सापडलं. पोथ्या मग त्या अंगानं पुन्हा वाचल्या.

आमचं ब्राह्मणपुरी शहादा तालुक्यातलं. उत्तरेला सातपुडा, त्यापलीकडे मध्य प्रदेश. जमीन काळी, पाणी असेल तिथे ऊस, केळी, पपई. नसेल तिथे कापूस. चारा म्हटलं की मका, ज्वारीचा कडबा, उसाचं वाढं आणि ज्याच्याकडे चार दुभती जनावरं आहेत त्याच्याकडे लसूणघासाचे वाफे. बरसीम करणारे आमच्याकडे थोडेच. हे मूळचं इजिप्तकडचं पीक, १९०४ साली सिंधमार्गे हिंदुस्थानात आलं आणि पंजाबकडच्या थंडीत रमलं. आमच्याकडे त्याला नोव्हेंबर ते मार्च एवढेच महिने मिळतात. पण तेवढ्या महिन्यांत ते जे देतं ते पाहण्यासारखं असतं. पहिली कापणी पन्नास-पंचावन्न दिवसांनी, मग दर पंचवीस-तीस दिवसांनी एक. देठ पोकळ, पान तीन दलांचं, आणि वजनातलं पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणी. उरलेल्या कोरड्या भागात सतरा ते वीस टक्के प्रथिनं. जनावर मक्याच्या वैरणीकडे जाता जाता थांबेल, पण बरसीमसाठी दावं तोडेल.

याच गोडीत धोका आहे. गाईच्या पोटाचा पहिला कप्पा, ज्याला शास्त्राच्या भाषेत रुमेन म्हणतात, शंभर लिटरहून मोठा असतो. त्यात अब्जावधी सूक्ष्म जीव चारा आंबवत असतात आणि त्यातून वायू तयार होत असतो. एरवी गाय ढेकर देऊन तो बाहेर टाकते. कोवळं, ओलं बरसीम किंवा लसूणघास रिकाम्या पोटी भरपूर गेलं, की त्यातली विरघळणारी प्रथिनं वायूला बारीक फेसात अडकवतात. फेसाचा ढेकर येत नाही. डावी कूस फुगत जाते, फुप्फुसावर दाब येतो, आणि उपाय झाला नाही तर काही तासांत जनावर जातं. म्हणून जाणकार आधी कडबा टाकतो, बरसीम कापून थोडं सुकवतो, मग कुट्टीत मिसळून देतो.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, वर्षश्राद्ध जानेवारीत आलं. प्रकाशाला, तापी आणि गोमाईच्या संगमावर, विधी झाला. आमच्या भागात त्या ठिकाणाला दक्षिण काशी म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरतेची माझी धाकटी बहीण आणि तिच्या घरची मंडळी गोठ्याकडे गेली. गाईला अण्णांच्या नावानं घास द्यायचा होता. बरसीम समोर उभंच होतं, दहिवरानं भिजलेलं. मुलांना कापायला मजा वाटली. पेंढीमागून पेंढी गव्हाणीत पडू लागली. आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, बाजूला उभा होता. तो भिल्ल, आणि माझ्या बहिणीपुढे बोलायला बिचकणारा. तरी एकदा म्हणाला, “ताई, इतलं नका टाकू. पोट फुगी जाई.” बहीण हसून मला म्हणाली, “दादा, अण्णांच्या नावाचं आहे. आज कशाला मोजायचं?”

तासाभरानं गाय चारा सोडून उभी राहिली. पाय आखडले, मान पुढे ताणली, तोंडाला लाळ. डाव्या बरगडीमागचा खळगा भरून पाठीच्या कण्याच्या वर आला होता, आणि बोटानं टिचकी मारली तर ताणलेल्या कातड्याचा आवाज येत होता. सालदारानं तिचे पुढचे पाय उकिरड्याच्या चढावर घेतले, जेणेकरून पोटाचा भार मागे सरकावा. मी घरातून गोडेतेलाची बाटली आणली. तोंड फार उंच न करता, ठसका लागू न देता, थोडं थोडं तेल तिच्या गालात सोडलं. तेल फेस मोडतं. फेस मोडला की वायू सुटा होतो, आणि सुटा वायू ढेकरानं निघतो. डॉक्टर आले, नळी घातली, उरलेलं काम झालं. दुपारी तिनं रवंथ सुरू केला तेव्हा सगळ्यांचे चेहरे निवळले.

बहिणीची चूक काढायला मी हे सांगत नाही. शहरात राहणाऱ्याला बरसीमचा स्वभाव कसा कळावा? मला पडलेला प्रश्न निराळा होता. तिचा हेतू निर्मळ होता, वस्तू उत्तम होती, घेणारी साक्षात गाय होती, निमित्त पित्याच्या श्राद्धाचं होतं. आपल्या कल्पनेप्रमाणे दानाला लागणारं सगळं तिथे हजर होतं. तरी ते दान गाईच्या जिवावर उठलं. मग त्यात उणं काय होतं? माप. आणि ज्याच्या अभावी पुण्याची हत्या होऊ शकते, ती गोष्ट पुण्याच्या बाहेरची कशी असेल?

गाईच्या दानाच्या दोन गोष्टी आपल्या परंपरेत फार जुन्या आहेत. कठोपनिषदाची सुरुवातच एका दानानं होते. वाजश्रवसाचा मुलगा नचिकेता पाहतो, की वडील सर्वस्व दान करण्याच्या यज्ञात ज्या गाई देत आहेत त्यांचं शेवटचं पाणी पिऊन झालं आहे, शेवटचं गवत खाऊन झालं आहे, दूध आटलं आहे. मुलाला ते टोचतं. असं देणारा कुठल्या लोकी जाईल, हा प्रश्न त्याच्या मनात येतो आणि तिथून तो थेट यमाच्या दारात पोचतो. मृत्यूचं एवढं थोर चिंतन सुरू होतं ते भाकड गाईंच्या दानावरून, हे आपण विसरतो. तिथे माप खाली गेलेलं आहे. आपल्याला नको ते दिलं आणि त्यालाच त्याग म्हटलं.

दुसरी गोष्ट भागवताच्या दशम स्कंधातली, नृग राजाची. त्यानं इतक्या गाई दिल्या की मोजदाद राहिली नाही. त्यातच एका ब्राह्मणाला दिलेली गाय चुकून राजाच्या कळपात परत आली आणि राजानं ती दुसऱ्याला देऊन टाकली. दोघे भांडत आले. राजानं एका गाईच्या बदल्यात लाख गाई देऊ केल्या, दोघांनीही नाकारल्या. शेवटी एवढा दानशूर राजा सरडा होऊन द्वारकेच्या विहिरीत पडला आणि कृष्णाचा हात लागेपर्यंत तिथेच राहिला. कीर्तनकार ही कथा ब्रह्मस्वाचं, म्हणजे ब्राह्मणाच्या मालमत्तेचं, हरण किती भयंकर हे पटवायला सांगतात. मला तिच्यात एक गोठेवाला दिसतो. ज्याला आपल्या कळपातली गाय ओळखता येत नाही, त्यानं ती दान कशी करावी? देण्याचा आवाका एवढा वाढला की दिलेली वस्तू आणि घेणारा माणूस दोघेही दिसेनासे झाले. दिसत राहिला तो एकच, देणारा.

वाजश्रवसाचं दान कमी पडलं, नृगाचं जास्त झालं. दोघांत सारखेपणा असा, की दोघांची नजर स्वतःच्या पदरात पडणाऱ्या फळावर होती. आता तिसरी गोष्ट घ्या, जी मराठी घरात पोरालाही माहीत असते. एकनाथ काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला निघाले. वाळवंटात तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं आणि त्यांनी ती कावड त्याच्या तोंडी लावली. आपण यात औदार्य पाहतो, आणि ते आहेच. पण नाथांनी त्या गाढवाला काय दिलं? पाणी. त्याला तहान लागली होती म्हणून पाणी. त्यांनी त्याची पूजा केली नाही, त्याच्या कपाळी गंध लावला नाही, मोक्षाच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. देवाला वाहायचं पाणी त्यांनी बिनमोल दिलं खरं, पण ते गाढवाच्या घशाच्या मापानं दिलं. म्हणून ते दान जगलं.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना जागा, वेळ आणि घेणारा यांचा विचार सात्त्विक दानात धरला आहे. आपण ‘घेणारा’ म्हटलं की लगेच त्याची लायकी तपासायला बसतो: हा ब्राह्मण आहे का, हा दारू पीत नाही ना, हा खरोखर गरजू आहे का. माझ्या गाईची लायकी कुणी तपासली नसती; ती तर माताच. तपासायला हवं होतं ते एवढंच, की हे तिला पेलेल का. घेणाऱ्याची परीक्षा घेण्यात देणाऱ्याचा रुबाब आहे. घेणाऱ्याला काय पेलेल हे पाहण्यात देणाऱ्याची मेहनत आहे. म्हणून पहिलं लोकप्रिय आणि दुसरं दुर्मीळ.

दर पोळ्याला हेच होतं. वर्षभर राबलेल्या बैलाला पुरणपोळ्या चारायच्या, आणि प्रेम जितकं जास्त तितक्या पोळ्या जास्त. पिठाची आणि गुळाची सवय नसलेल्या पोटात त्याचं आम्ल होतं, आणि दुसऱ्या दिवशी बैल मान टाकून बसतो. पशुवैद्य सांगून थकतात. तीर्थाच्या ठिकाणी घासाच्या पेंढ्या विकणाऱ्या बाया बसलेल्या असतात, शेजारीच गाय बांधलेली असते, आणि प्रत्येक भाविक एकेक पेंढी तिच्यापुढे टाकून हात जोडून जातो. प्रत्येकाची एकच पेंढी असते. गाईची मात्र सकाळपासूनची सगळी बेरीज असते.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारनं देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून जाहीर केलं आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला गाईमागे ५० रुपये अनुदान ठरवलं. त्यावर बाजूनं आणि विरुद्ध बरंच बोललं गेलं. मी त्यातल्या आकड्यापाशी थांबलो. चारशे किलो वजनाच्या गाईला दिवसाला दहा-बारा किलो कोरडा अंश लागतो. म्हणजे पाच-सहा किलो कडबा, वीस-पंचवीस किलो हिरवा चारा, वर थोडा खुराक, मीठ, खनिजं आणि पाणी. मातृत्वाची घोषणा कुठली का असेना, शेवटी या यादीपाशी यावंच लागतं. ती रक्कम पुरेशी की अपुरी, हे तालुक्यातल्या कडब्याच्या भावावर ठरेल. पण भक्तीला आकडा लागतो हे एकदा कागदावर आलं, ते मला बरं वाटलं.

आता बरसीमकडेच पाहू, कारण दानाच्या गोष्टीत आपण झाडांना नेहमी आदर्श म्हणून उभं करतो. झाड बघा, मागेपुढे न पाहता देतं, असं म्हणतो. बरसीमबद्दल तर कृषीच्या पुस्तिकेतही लिहिलेलं असतं की ते जमिनीला नत्र देतं. त्यामागची रीत मी बियाणं टाकताना दरवर्षी पाहतो. नव्या रानात बी पेरण्यापूर्वी त्याला रायझोबियमचं जिवाणू संवर्धन चोळावं लागतं. गुळाचं पाणी करून, थंड करून, त्यात संवर्धन कालवायचं, बियांना हलक्या हातानं लावायचं आणि सावलीत सुकवायचं. संवर्धन नसेल तर जुने लोक ज्या रानात आधी बरसीम झालं आहे तिथली माती आणून टाकतात, कारण या पिकाचे जिवाणू ठरलेले. लसूणघासाचे त्याला चालत नाहीत, हरभऱ्याचे चालत नाहीत.

महिन्याभरानं रोप मुळासकट हळूच उपटलं तर मुळांवर तांदळाच्या कणीएवढ्या गाठी दिसतात. नखानं फोडली आणि आत गुलाबी निघाली, तर गाठ कामात आहे. हा गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतल्या पदार्थाचा. गाठीतल्या जिवाणूंना प्राणवायू लागतो, पण जास्त झाला तर त्यांचं नत्र बांधण्याचं यंत्र बंद पडतं. तो पदार्थ प्राणवायू बेतानं पुरवतो. हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नत्र असूनही ते कुठल्याच झाडाला थेट घेता येत नाही. युरियाच्या कारखान्यात त्यासाठी चारशे-पाचशे अंश उष्णता आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. ती रीत शोधणाऱ्या फ्रिट्झ हाबरला १९१८ चं नोबेल मिळालं. तेच काम ही कणी ओल्या मातीत, सातपुड्याच्या पायथ्याच्या थंडीत करते.

पण फुकट करत नाही. झाड जिवाणूंना साखर देतं, जिवाणू झाडाला नत्र देतात. गाठी किती होऊ द्यायच्या हे झाड आवरतं. पुरेशा झाल्या की पुढच्या थांबवतं. जमिनीत आधीच भरपूर युरिया पडला असेल, तर ते गाठींच्या भानगडीत फारसं पडतच नाही. आणि बांधलेलं नत्र झाड आधी स्वतःच्या पानात घालतं. मी ते पान कापून गोठ्यात नेलं, दूध डेअरीला घातलं आणि शेण विकून टाकलं, तर रानाला उरतात फक्त मुळं आणि बुडखे. गीतेचा तिसरा अध्याय यज्ञाचं चक्र सांगतो आणि परत न देता नुसतं भोगणाऱ्याला चोर म्हणतो. बरसीमचा शेतकरी त्या व्याख्येत सहज बसू शकतो. चारा कापून नेणाऱ्यानं शेण त्याच रानात आणलं पाहिजे, नाही तर ‘जमिनीला नत्र देणारं पीक’ हे नुसतं छापील वाक्य राहतं.

झाड देतं, हे मी नाकारत नाही. ते आंधळेपणानं देत नाही, एवढंच म्हणतो. निसर्गात उधळपट्टी पाहायची तर बियांत पाहा, परागात पाहा. पण जिथे दोन जीव एकमेकांच्या पोटावर अवलंबून आहेत, तिथे पदोपदी माप आहे. त्या मापामुळे त्यांचं नातं कोरडं होत नाही. ते टिकतं.

याच घराण्यातल्या एका वनस्पतीशी माझं रक्ताचं नातं आहे, आणि तेही मापाचंच. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गाई आतल्या आत रक्तस्राव होऊन मरू लागल्या. त्यांनी खाल्लेला असायचा सडलेला स्वीट क्लोव्हर, म्हणजे आपल्याकडे ज्याला सेंजी किंवा रानमेथी म्हणतात त्या कुळातला चारा. ओला साठवला, बुरशी आली, आणि त्यातल्या सुगंधी कुमारिनचं विष झालं. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळात मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्तानं भरलेला दुधाचा कॅन आणि तो चारा घेऊन कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. लिंक आणि त्याच्या सहकाऱ्यांना विष वेगळं काढायला सहा वर्षं लागली. त्यातून पुढे वॉरफरिन आलं. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला बाजारात आलं, आणि काही वर्षांत माणसांना औषध म्हणून दिलं जाऊ लागलं.

माझ्या हृदयात कृत्रिम झडप आहे. रोज संध्याकाळी मी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतो, ती त्याच कुळातली. कमी झाली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर मेंदूत रक्तस्राव. मधली पट्टी अरुंद आहे, आणि ठरावीक काळानं रक्त तपासून डॉक्टर गोळीचा अर्धा-पाव इकडेतिकडे करतात. पालेभाजीही मला रोज साधारण सारखीच खावी लागते, कारण हिरव्या पानातलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. म्हणजे गाय आणि मी, दोघंही हिरवं मोजून खाणारे. एकाच कुळातला पदार्थ गाईला विष, उंदराला विष, मला आयुष्य, फरक मात्रेचा. गीता सहाव्या अध्यायात फार खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही म्हणते. तरुणपणी मला ते मध्यमवर्गीय शहाणपण वाटायचं. आता ते मला रोज संध्याकाळी गिळावं लागतं.

यावर माझ्या एका भजनी मित्राचा आक्षेप आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. तो म्हणतो, “भाऊ, मापाची सवय लागली की हात आखडतो. आज गाईच्या भल्यासाठी मोजशील, उद्या भिकाऱ्याच्या भल्यासाठी मोजशील, आणि परवा कुणाचंच भलं देण्यात नाही असं तुला पटलेलं असेल.” खरं आहे. जास्त दिलं तर बिघडेल, हे वाक्य मालकांच्या तोंडी फार शोभतं. आमच्या शहादा तालुक्यात ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं आहे. १९७२ मध्ये इथे श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंतींसारख्या भिल्ल कार्यकर्त्यांनी सालदारांच्या मजुरीचे आणि गेलेल्या जमिनींचे प्रश्न घेतले. त्याआधी सालदाराच्या पोटाचं माप मालकच ठरवत होता, आणि ते त्याच्या भल्यासाठीच ठरवतो असं त्याला प्रामाणिकपणे वाटत असे. मापात पाप असतं ते असं.

म्हणून मी दोन मापं वेगळी ठेवतो. एक माप देणाऱ्याचं: मी किती दिलं, मला किती पडलं, माझ्याकडे किती उरलं. दुसरं घेणाऱ्याचं: त्याला किती हवं, केव्हा हवं, कशात मिसळून हवं. पहिलं माप धर्मातून खुशाल हद्दपार करावं. मोजू नये असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना बहुधा तेच म्हणायचं होतं. दुसरं माप हद्दपार केलं, तर धर्मात फक्त देणाऱ्याची हौस उरते. कसोटी सोपी आहे. दुसऱ्या मापानं मोजलं की कधी कमी द्यावं लागतं आणि कधी ठरवल्यापेक्षा जास्त. ज्याचं माप नेहमी कमीकडेच झुकतं, तो घेणाऱ्याच्या नावाखाली स्वतःचंच मोजतो आहे.

आणि घेणाऱ्याच्या मापात वेळही येते. जानेवारी-फेब्रुवारीत बरसीम खाऊन संपत नाही, आणि श्राद्ध, संक्रांत, लग्नसराईचे पाहुणे, सगळ्यांचे घास तेव्हाच येतात. वैशाखात रान उजाड होतं, कडब्याचे भाव चढतात, तेव्हा गोग्रास द्यायला कुणी फिरकत नाही. त्यावर उपाय मुरघासाचा, म्हणजे हिरवा चारा बॅगेत हवाबंद आंबवून ठेवण्याचा. पण नुसत्या बरसीमचा मुरघास करायला जाल तर फसाल. त्यात साखर कमी, पाणी फार. लवकर आंबट होत नाही आणि आंबट झालं नाही की सडतं, बॅग उघडल्यावर घाण वास येतो. त्याला आधी दिवसभर सुकवावं लागतं, मक्याच्या कुट्टीत मिसळावं लागतं, थोडी मळी किंवा गूळ घालावा लागतो. मग थर थर दाबून, हवा काढून, तोंड बांधून दीड-दोन महिने हात लावायचा नाही. नीट जमलं तर उघडताना आंबूस, फळासारखा वास येतो आणि रंग पिवळसर हिरवा असतो. बहिणीला मी हे सांगितलं. आता अण्णांच्या तिथीला ती पेंढ्या टाकत नाही. तिच्या पैशातून एक बॅग भरली जाते आणि ती वैशाखात फुटते. घास देण्याच्या दिवशी गाय उपाशी नव्हती. ज्या दिवशी उपाशी असते त्या दिवशी घास मिळतो. पुण्य अण्णांना तिथीला लागतं की बॅग फुटते त्या दिवशी, हे भटजींनी ठरवावं.

राहिला प्रश्न माणसाचा. गाईचं माप तिची डावी कूस सांगते, रवंथ सांगतो, शेण सांगतं. पाहणारा असला की पुरे. माणसाला तोंड आहे, पण त्यालाच आपण कमी विचारतो. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतं. पैसे, धान्य, कपडे, जे रिवाजानं चालत आलं ते. अलीकडच्या एका आखाजीला हिशेब उरकल्यावर मी आमच्या सालदाराला विचारलं, “याच्यावर तुला काय पाहिजे?” मला वाटलं, उचल मागेल किंवा धान्याचं पोतं वाढवून मागेल. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, बांधावरचं गवत कापायला कुणी अडवू नये, आणि बरसीमचा एक वाफा त्याच्या बकऱ्यांसाठी असावा. मला ते सुचलं नसतं. मी माझ्या अंदाजानं दिलं असतं तर पोतंच दिलं असतं, आणि स्वतःवर खूश झालो असतो.

वाफा दिला. त्याची बायको सकाळी दहिवर उतरल्यावर कापते, आधी बकऱ्यांपुढे झाडपाला आणि वाळकं गवत टाकते, मग बरसीम. किती टाकायचं, हे तिला सांगायची पाळी माझ्यावर आली नाही.